लाल फुली : लहान विमानातले काचेचे कॉकपिट

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानाच्या संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून कुणी आरोग्यावर बोलते, कुणी गुंतवणुकीवर, कुणी संतवाङ्मयावर. यंदा कार्यवाहांनी मला गाठले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही तांत्रिक विषयावर बोला, पण रेल्वेवर नको. रेल्वे आम्ही दिवसभर ऐकतो." तेव्हा मी विमान निवडले. मी वैमानिक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो आणि वीस-बावीस वर्षे रूळ, रिले आणि केबल यांतच गेली. विमानाशी माझा संबंध माझ्या भाचीमुळे आला. ती मध्य प्रदेशातल्याच एका धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. परीक्षेआधी महिनाभर ती आमच्या क्वार्टरमध्ये अभ्यासाला होती. जेवणाच्या टेबलावर आम्ही पुठ्ठ्याचे एक कॉकपिट तयार केले. बटणांच्या जागी शर्टाची बटणे चिकटवली. ती बटणे दाबत मोठ्याने म्हणायची आणि मी पुस्तक धरून तपासायचो. तिचे पाठांतर झाले तसे माझेही झाले. आज जे सांगणार आहे ते त्या टेबलावरचे शिक्षण आहे, आणि त्यानंतर घडलेली एक गोष्ट आहे.

आधी जुने विमान डोळ्यांसमोर आणा. लहान विमानाच्या पॅनेलवर सहा गोल घड्याळे असत. पहिले हवेतला वेग सांगणारे, दुसरे विमान कलले की सरळ आहे ते दाखवणारे, तिसरे उंचीचे, चौथे वळणाचे, पाचवे दिशेचे आणि सहावे चढण-उतरण सांगणारे. यातल्या काहींच्या आत भोवऱ्यासारखी फिरणारी चक्रे असत आणि ती फिरवायला इंजिनावर एक हवा ओढणारा पंप असे.

मोठ्या प्रवासी विमानांत पडदे १९८० च्या दशकातच आले होते. लहान विमानांत ते या शतकाच्या सुरुवातीला आले. गार्मिन या अमेरिकन कंपनीची जी-१००० ही प्रणाली २००४ पासून विमानांत बसू लागली. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान जगभर शिकण्यासाठी वापरले जाते. त्यातही ती लगेच आली. आज आपल्या देशातल्या अनेक फ्लाइंग स्कूलमध्ये मुले याच पडद्यांसमोर पहिला धडा घेतात. यालाच ग्लास कॉकपिट म्हणतात.

समोर दोन पडदे असतात, प्रत्येक सुमारे दहा इंचांचा. डावीकडचा उड्डाणाचा. त्यावर निळे आभाळ, तपकिरी जमीन, डाव्या बाजूला वेगाची पट्टी, उजव्या बाजूला उंचीची पट्टी आणि खाली दिशेचे चक्र. उजवीकडचा पडदा नकाशाचा, आणि त्याच्याच कडेला इंजिनाची माहिती. दोघांच्या मध्ये रेडिओ आणि हेडफोनची बटणे.

आमच्या खात्यातल्या मंडळींना हे चित्र ओळखीचे वाटेल. जुन्या स्टेशनांत पितळी मुठीचे लिव्हर होते, मग दिव्यांचे पॅनेल आले, आणि आता स्टेशन मास्तर माउसने रूट लावतात. पडद्यावर पिवळा पट्टा म्हणजे रूट लागला, लाल पट्टा म्हणजे तिथे गाडी. पण पडदा स्वतः काहीच पाहत नसतो. त्याला कुणीतरी कळवते म्हणून तो दाखवतो. विमानातही अगदी तसेच आहे.

म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न विचारला, "पडद्यामागे कोण कोण आहे?" तिने बोटांवर मोजून सांगितले. एक पेटी हवेचा दाब मोजते आणि त्यावरून वेग, उंची, चढ-उतार काढते. दुसरी पेटी विमान किती कलले, नाक वर की खाली, ते सांगते. हिच्यात फिरणारे भोवरे नाहीत, हालचाल ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्या आहेत. ही सुरू केल्यावर साधारण मिनिटभर स्वतःला सावरून घेते. तिसरी चुंबकीय दिशा सांगते. चौथी इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, इंधन आणि विजेचा हिशेब ठेवते. शिवाय दोन मोठ्या पेट्या आहेत, त्यांत उपग्रहावरून ठिकाण घेणारे यंत्र आणि रेडिओ असतात. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून त्या दोन. यातली कुठलीही पेटी बिघडली तर तेवढीच काढून नवी बसवता येते. आमच्याकडे कार्ड बदलतात, तसेच.

आता सकाळी काय करतात ते पाहू. विमान सुरू करण्याआधी वैमानिक त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो. इंधन, तेल, चाके, पंखांच्या फळ्या, सगळे हाताने तपासतो. ही प्रदक्षिणा लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे. मग आत बसून पहिला खटका राखीव बॅटरीचा. तो दहा सेकंद तपासणीच्या बाजूला दाबून धरायचा आणि हिरवा दिवा विझत नाही ना ते पाहायचे. नंतर तो खटका सज्ज स्थितीत टाकला की डावा पडदा उजळतो. इंजिन सुरू होण्याआधीच इंजिनाच्या पट्टीवर कुठे लाल फुली नाही ना, ते पाहून घ्यायचे. इंजिन सुरू झाले की बाकीच्या यंत्रांचे दोन खटके. उजवा पडदा उजळतो आणि नकाशाची माहिती किती तारखेपर्यंत चालेल ते विचारतो. ही माहिती दर अठ्ठावीस दिवसांनी बदलते. बरीच मुले न वाचता बटण दाबून पुढे जातात. आपणही मोबाइलवर न वाचता 'मान्य' दाबतो, त्यातलाच प्रकार.

मग हवेच्या दाबाचा आकडा भरायचा. कंट्रोल टॉवर तो रेडिओवर सांगतो. उंचीचे यंत्र म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारे यंत्र, आणि दाब रोज बदलतो. पावसाळ्यात आपल्याकडे तो खाली असतो. समजा टॉवरने १००३ सांगितले आणि मुलाने १०१३ भरले. एका आकड्याला साधारण सत्तावीस-अठ्ठावीस फूट, म्हणजे दहाला पावणेतीनशे फूट. पडदा मोठ्या स्वच्छ अक्षरांत उंची दाखवेल आणि विमान प्रत्यक्षात त्याहून पावणेतीनशे फूट खाली असेल. पडदा बिघडलेला नाही. त्याला जे दिले, त्याचा हिशेब त्याने बरोबर केला.

उड्डाणात या यंत्राचे उपकार खूप आहेत, ते आधी सांगतो. वेगाच्या आणि उंचीच्या पट्टीशेजारी एक जांभळट गुलाबी रेघ येते. हेच असेच चालू राहिले तर सहा सेकंदांनी तुम्ही कुठे असाल, ते ती सांगते. जुन्या घड्याळांत हे अंदाजाने ओळखावे लागे. नकाशावर जमीन रंगते. पिवळा म्हणजे जमीन तुमच्या खाली हजार फुटांच्या आत. लाल म्हणजे शंभर फुटांच्या आत किंवा तुमच्याही वर. दिशेच्या चक्रावरची सुई गुलाबी असेल तर ती उपग्रहाचे ऐकते आहे, हिरवी असेल तर जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचे. ढगात उतरताना ज्याचे ऐकायला हवे त्याचेच ऐकते आहे ना, हे रंगावरून तपासायचे. भाचीच्या वर्गात यासाठी एक शिस्त आहे. नॉब फिरवला की जे भरले ते बोटाने दाखवायचे, मोठ्याने बोलायचे आणि मगच पक्के करायचे. आपल्याकडे लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नलचा रंग मोठ्याने सांगतात, त्यामागचे कारण हेच.

एक धोकाही ती मुले पहिल्याच महिन्यात शिकतात. पडदा इतका देखणा असतो की नजर तिथेच खिळते. नॉबच्या आत नॉब, पानामागे पान. शोधता शोधता अर्धे मिनिट कधी जाते ते कळत नाही आणि तेवढ्यात समोरच्या आभाळात दुसरे विमान असू शकते. तिचे प्रशिक्षक चांगल्या हवेत पडद्याचा उजेड अगदी मंद करतात आणि म्हणतात, "आता चालव." मग क्षितिजाकडे पाहून विमान सरळ ठेवायचे आणि कानाने इंजिन ऐकायचे.

आता बिघाडाकडे येतो. माझ्या आवडीचा भाग हाच आहे, कारण आम्हा सिग्नलवाल्यांची सगळी नोकरी बिघाडाच्या विचारात जाते.

आमच्याकडे बिघाडाच्या दोन जाती मानतात, राइट साइड आणि राँग साइड. ट्रॅक सर्किटचे उदाहरण घ्या. रुळांतून थोडी वीज सोडलेली असते आणि ती पलीकडे रिले उचलून धरते. गाडी आली की चाकांमुळे वीज तिथेच वळते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी गेली, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. गाड्या खोळंबतात, आम्हाला कंट्रोलकडून बोलणी बसतात, पण कुणाचा जीव जात नाही. हा राइट साइड बिघाड. आता समजा, फारशा न वापरलेल्या लूप लाइनवर गंज चढला. चाक आणि रूळ यांच्यात वीज नीट जाईना. गाडी उभी आहे, पण रिले पडत नाही आणि पडदा म्हणतो, लाइन मोकळी. हा राँग साइड. नव्या नोकरीत असताना एका लहान स्टेशनावर मी हे पाहिले आहे. पॅनेलवर लूप मोकळी होती आणि तिथे एक वॅगन उभी होती. ती दिसली पॉइंट्समनला, साध्या डोळ्यांनी. त्या माणसाचे दहावीही झालेले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

जी-१००० ची लाल फुली हा राइट साइड बिघाड आहे. हवेचा दाब मोजणारी पेटी गेली तर वेग, उंची, चढ-उतार या तिन्ही पट्ट्यांवर मोठी लाल फुली येते. कल सांगणारी पेटी गेली तर निळे-तपकिरी चित्र जाऊन तिथे फुली येते. पडदा प्रामाणिकपणे म्हणतो, "मला माहीत नाही, माझ्यावर अवलंबून राहू नका." अख्खा पडदाच गेला तर मधल्या पॅनेलवर एक लाल बटण आहे. ते दाबले की उरलेल्या पडद्यावर उड्डाण आणि इंजिन दोन्ही एकत्र दिसतात. वीज बनवणारा आल्टरनेटर गेला तर मुख्य बॅटरी, आणि तीही संपली तर राखीव बॅटरी अर्धा तास आवश्यक तेवढे चालू ठेवते. शिवाय खाली तीन जुनी गोल घड्याळे राखीव ठेवलेली असतात, वेगाचे, कलण्याचे आणि उंचीचे. वर होकायंत्र असते.

या बाबतीत नवी व्यवस्था जुन्यापेक्षा नक्की चांगली आहे. जुना हवेचा पंप गेला की आतला भोवरा हळूहळू मंद होई आणि घड्याळ थोडे थोडे खोटे दाखवू लागे. ढगात वैमानिक त्या खोट्याच्या मागे जाई. तिथे फुली नव्हती. म्हणून माझी भाची म्हणते, "मामा, लाल फुली आली की बरं असतं. निदान कळतं तरी."

बंधू-भगिनींनो, पण फुली येत नाही त्याचे काय?

विमानाच्या पंखाखाली एक छोटी नळी असते, पिटो नळी. १७३२ साली आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला अशी नळी वापरली. विमानात समोरची हवा तिच्या तोंडात शिरते आणि त्या दाबावरून वेग कळतो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. विमानाला जमिनीवरचा वेग महत्त्वाचा नसतो, हवेतला असतो. समोरून वीस नॉटचा वारा असेल तर जमिनीवर साठचा वेग म्हणजे हवेत ऐंशीचा. पंख हवेवर तरतो. हवेतला वेग फार कमी झाला की पंखाचा आधार सुटतो. म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोलाचा आकडा त्या करंगळीएवढ्या नळीवर अवलंबून आहे.

आता कुंभारीण तुम्हाला माहीत आहे. चिखलाचे घर बांधणारी माशी. खिडकीच्या फटीत, स्विच बोर्डाच्या भोकात ती घर करते. पिटो नळी म्हणजे तिच्यासाठी आयता फ्लॅट. म्हणून विमान उभे असताना त्या नळीला टोपी घालतात आणि तिला लाल फीत लावतात, उड्डाणाआधी काढायची आठवण राहावी म्हणून.

त्या आधीच्या दसऱ्याच्या सुमारास भाचीचे एकटीने उड्डाण होते. विमान दोन दिवस उघड्यावर उभे होते. टोपीचा पट्टा तुटला होता म्हणून ती घातलेली नव्हती. भाचीने प्रदक्षिणा घातली, आत बसली, हिरवा दिवा पाहिला, कुठे फुली नाही ते पाहिले, हवेच्या दाबाचा आकडा बोटाने दाखवून मोठ्याने बोलली. सगळे बरोबर. मग धावपट्टीवर येऊन पूर्ण शक्ती दिली. विमान धावू लागले. अशा वेळी वेगाचा आकडा हलला की मोठ्याने म्हणायचे असते, "एअरस्पीड अलाइव्ह," म्हणजे वेग जिवंत झाला. पंचावन्न नॉटला नाक उचलायचे.

ती म्हणाली, "एअरस्पीड..." आणि थांबली. पडद्यावर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा होत्या. वीस नॉटच्या खाली वेग असला की तशाच रेघा असतात. फुली नाही, इशारा नाही, इंजिनाचे सगळे काटे हिरव्यात. तिने खालच्या राखीव घड्याळाकडे पाहिले. तो काटाही झोपलेला. म्हणजे दोन साक्षीदार एकमुखाने सांगत होते, विमान उभे आहे. आणि खिडकीबाहेरचे गवत मागे पळत होते.

तिने खिडकीवर विश्वास ठेवला. शक्ती काढली, ब्रेक लावले, विमान थांबले. धावपट्टी बरीच उरली होती.

नळीत चिखल होता. आणि राखीव काटा का झोपला? कारण त्या विमानात पडदा आणि राखीव वेगमापक दोघांनाही हवा त्या एकाच नळीतून मिळते. आपण दोन साक्षीदार मानतो, पण दोघांनी बातमी एकाच माणसाकडून ऐकलेली असते. दाब मोजणारी पेटी ठणठणीत होती. तिला दाब मिळत नव्हता आणि तिने तेच कळवले. तिच्या दृष्टीने बिघाड नव्हताच, मग फुली कशाची काढणार?

हा प्रकार एखाद्या शिकाऊ विमानापुरता नाही. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून बर्गेनएअर कंपनीचे बोइंग ७५७ निघाले. धावपट्टीवरच कॅप्टनच्या लक्षात आले की आपला वेगमापक चालत नाही. तरी उड्डाण चालू ठेवले. वर जाताना बंद नळीमुळे त्याचा वेग खोटा वाढत गेला आणि स्वयंचलित यंत्रणेने तोच खरा मानून नाक वर केले. सहवैमानिकाचे यंत्र बरोबर होते. विमान समुद्रात पडले, १८९ माणसे गेली. नळ्या मिळाल्या नाहीत, पण चौकशीत चिखलमाशीच्या घराचाच संशय व्यक्त झाला. २०१३ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून निघालेले मोठे विमान असेच परत उतरवावे लागले. त्याच्या नळीत माशीचे घर सापडले.

आणखी एक आकडा सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली लहान विमानांतल्या या पडद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेली आठ हजारांहून जास्त विमाने त्यांनी घेतली, काही पडद्यांची, काही गोल घड्याळांची. अपेक्षा अशी की पडद्यांनी अपघात कमी व्हावेत. पण २००६ आणि २००७ मध्ये दर एक लाख उड्डाण-तासांमागे जीवघेणे अपघात पडद्यांच्या विमानांत १.०३ निघाले आणि घड्याळांच्या विमानांत ०.४३. याचा अर्थ पडदा वाईट असा नाही. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत जास्त जात होती, हेही त्यांनी नोंदवले. पण नुसता पडदा बसवून सुरक्षितता आली नाही, हे खरे. त्यांचा भर प्रशिक्षणावर होता. ज्या विमानात बसणार त्याच प्रणालीचे, आणि विशेषतः ती बिघडल्यावर कशी दिसते याचे. काही बिघाड उडत्या विमानात करून दाखवता येत नाहीत, म्हणून ते सिम्युलेटरवर शिकवा, असे त्यांनी सुचवले.

आता घरची गोष्ट. त्या संध्याकाळी नागपूरहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. रडत होती. "दादा, तूच सांग तिला. सोड म्हणावं. बँकेच्या परीक्षा दे, काहीही कर. तुझं ती ऐकते." मी म्हटले, आधी तिच्याशी बोलतो.

भाचीला विचारले, "नळी पाहिली नव्हतीस का?" ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाहिली होती मामा. पण पाहिल्यासारखं केलं होतं. टोपी नाही एवढंच पाहिलं, तोंडात डोकावले नाही. मनात आलं, आत बसल्यावर काही बिघडलं असेल तर फुली येईलच."

बंधू-भगिनींनो, मला हवे होते ते उत्तर तिने स्वतःच दिले होते. दोष टोपी न घालणाऱ्याचाही होता आणि ती बाब तिने प्रशिक्षकांना लेखी कळवली. पण स्वतःचा वाटा तिने लपवला नाही. आमच्या खात्यात बिघाडाची नोंद करताना आम्ही हेच शोधतो, माणूस खरे सांगतो आहे का. जो खरे सांगतो त्याच्या हाती पॅनेल देता येते.

मग मी बहिणीला फोन केला. म्हटले, "हे बघ, तिची चूक झाली, ती तिला कळली. पण दुसरी बाजूही बघ. पडदा गप्प होता, राखीव काटा त्याच्या बाजूने होता, आणि ही एकटी होती. तरी हिने बाहेर पाहिलं आणि थांबली. त्या १९९६ च्या विमानात अनुभवी माणसं होती, ती थांबली नाहीत. थांबायला तिला येतं. उडायला पुढे येईलच." पलीकडे बराच वेळ शांतता. मग बहीण म्हणाली, "ती जेवली का, विचारलंस?"

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षक शेजारी बसले आणि त्यांनी वेगाच्या पट्टीवर कागद चिकटवला. स्वच्छ हवेत, वेगाच्या आकड्याशिवाय विमान फिरवून उतरवायचे. इंजिनाची ठरावीक शक्ती आणि नाकाची ठरावीक उंची ठेवली की विमानाचा वेग ठरावीकच राहतो, हे तिने त्या दिवशी हाताने शिकले. उपग्रहावरून मिळणारा जमिनीवरचा वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांचा मेळ घालून पाहायलाही शिकली. स्थिर दाब घेणारे छिद्र बुजले तर उंचीचा आकडा गोठतो. त्यासाठी कॉकपिटमध्ये एक पर्यायी खटका आहे, तोही ओढून पाहिला. आता ती प्रदक्षिणेत खिशातला छोटा टॉर्च काढून नळीच्या तोंडात डोकावते. मैत्रिणी तिला 'कुंभारीण' म्हणून चिडवतात. तिला राग येत नाही.

मी स्वतः काय शिकलो? आमच्या पडद्यासमोर बसणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना आता मी एक प्रश्न हटकून विचारतो. पडद्यावर जे दिसते ते कुणी कळवले, आणि तो कळवणारा चुकला तर तुम्हाला कोण सांगणार? पडदा चांगला आहे, तो ठेवायचाच. लाल दिसले की थांबायचेच. पण लाल नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे त्याने कधी वचन दिलेले नाही. ते वचन आपण आपल्या मनाने धरून बसतो. खिडकी पॅनेलच्या शेजारीच असते, तिच्यातून पाहायला डिप्लोमाही लागत नाही. त्या पॉइंट्समनला लागला नव्हता.

आज समोर बाप्पा बसले आहेत. मोठे कान, बारीक डोळे. सगळ्यांचे ऐकावे आणि नीट निरखून पाहावे, असे आपले वडीलधारे त्याचा अर्थ सांगत आले. सिग्नलवाल्याला आणि वैमानिकाला याहून वेगळे काही शिकवावे लागत नाही.

 भाचीचे लायसन्स अजून व्हायचे आहे, आपल्या सर्वांचे आशीर्वाद असू द्यावेत. गणपती बाप्पा मोरया!